यादीत नसलेल्या गावांनी आपली कातळशिल्पं कशी राखायची?

सडेकर

नमस्कार मंडळी. हा विषय इथे मांडायचं बरेच दिवस मनात होतं, आता वेळ अंगावर आली आहे म्हणून लिहितो.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. वाडीच्या वरच्या अंगाला सडा आहे, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात गुरं चरायला आणि दिवाळीनंतर गवत कापायला माणसं जातात, एरवी तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. त्या सड्यावर कातळात खोदलेली चित्रं आहेत हे जुन्या माणसांना पूर्वीपासून ठाऊक होतं. त्यांच्या लेखी ती पांडवांची चित्रं. कोणी त्यांची मोडतोड केली नाही आणि कोणी फार कौतुकही केलं नाही.

पुढे रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, मनोज मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पायाखाली घातले, गावोगावच्या गुराख्यांना विचारत शिल्पांच्या नोंदी केल्या आणि या चित्रांकडे जगाचं लक्ष गेलं. रत्नागिरी जिल्ह्यात आज १५०० हून अधिक शिल्पांची नोंद आहे. २०२२ मध्ये उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ ही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशासाठीच्या तात्पुरत्या यादीत गेली. याचा मला मनापासून आनंद आहे. पण आमचं गाव त्या यादीत नाही. आमच्यासारखी अशी बरीच गावं आहेत, आणि माझा प्रश्न त्यांचाच आहे.

आमच्याकडे एक पाकट आहे. पाकट म्हणजे चाबकासारख्या शेपटीचा चपटा मासा, कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. माणूस आडवा झोपला तर मावेल एवढा. खोदाई दोन बोटं खोल, कडा अजून धारदार. दुपारी उभ्या उन्हात काहीच दिसत नाही, शेजारून चालत गेलात तरी कळणार नाही. ऊन कलतं झालं की मात्र रेघेत सावली भरते आणि अख्खा मासा कातळातून वर येतो. त्याची शेपटी सरळ जाते आणि एका जुन्या गडग्याखाली, म्हणजे दगड रचून केलेल्या बांधाखाली, शिरते. तो गडगा आमच्या आणि शेजारच्या गटाच्या हद्दीचा. म्हणजे मासा आमच्या जमिनीत आणि शेपटीचं टोक दुसऱ्याच्या.

आता त्या दुसऱ्या गटात चिरेखाण, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापायची खाण, काढायची बोलणी चालली आहेत. खातेदार आमच्याच भावकीतले, निम्मे मुंबईला. त्यांना दोष देत नाही. पड जमिनीचे कोणी पैसे देत असेल तर माणूस विचार करणारच.

मला जाणकारांकडून तीन गोष्टी हव्या आहेत. खाण थांबवायला कायद्याने काय करता येतं? गावाला सोबत कसं घ्यायचं? आणि तोवर त्या शिल्पाची काळजी आम्ही कशी घ्यायची? पुरातत्त्व खात्याला पत्र पाठवलं आहे, पण नुसती वाट बघत बसायचं नाही.

---

मधुरा_लांजा

फार महत्त्वाचा धागा. वाचनखूण साठवली आहे. एक विनंती, फोटो टाकलेत तरी गट नंबर आणि नकाशावरचं ठिकाण इथे देऊ नका. आमच्याकडे एका शिल्पाचं ठिकाण समाजमाध्यमांवर पसरलं आणि महिनाभरात कोणीतरी अख्ख्या आकृतीत खडूची पूड भरून फोटो काढून गेलं. पावसाने खडू गेला. पुढच्यांनी ऑइलपेंट आणला तर तो जाणार नाही.

---

खारेपाटणकर

माजो आजो म्हणायचो, पांडवांनी एका रातीत काढलेली चित्रां ती, कोंबडो आरवलो आणि काम अर्धा रवला. म्हणान त्येंच्यार कोण पाय देय नाय. कुडोपीच्या जागेक लोक बाहुल्यांचे टेंब म्हणतत. हे गजाली पण लिवन ठेवा हां, दगडाबरोबर.

---

भूगोलबाई

खारेपाटणकरांचा मुद्दा आधी उचलते. कोंबडा आरवल्याच्या त्या गोष्टीने या चित्रांवरचा पाय शेकडो वर्षं आवरला आहे. वारसा, युनेस्को असे शब्द गावात पोचायच्या कितीतरी आधीपासून हे चाललंय. 'अंधश्रद्धा' म्हणून ती गोष्ट झटकून टाकू नका. माझ्या शाळेतल्या मुलांना मी दोन्ही सांगते. आजोबा काय म्हणतात ते, आणि अभ्यासक ही चित्रं मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे शेतीच्या आधीच्या शिकारीच्या काळापर्यंत, मागे का नेतात तेही. चित्रांत हत्ती, वाघ, हरणं, मासे आहेत, एकशिंगी गेंडासुद्धा आहे. शेतीची खूण मात्र जवळजवळ कुठेच नाही. गेंडा आज कोकणात नाही. तो ज्यांनी खोदला त्यांनी तो पाहिला असणार, हे मुलांना सांगितलं की वर्गात अगदी शांतता होते.

सडेकर, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. सगळ्यात आधी नोंद करा. यंत्र येण्याच्या आधी, वाद होण्याच्या आधी. आम्ही शाळेत करतो ती पद्धत सांगते.

सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा, ऊन तिरपं असतं. चपला बाहेर काढा. वाळलेलं गवत आणि माती मऊ कुंच्याने हलक्या हाताने सारा. तारेचा ब्रश, खराटा, खुरपं, ॲसिड यातलं काहीही नको. कातळावर शेवाळ किंवा दगडफूल चिकटलं असेल तर ते तसंच राहू द्या, ते खरवडताना दगडाचा पापुद्राही निघतो. खोदाईत पाणी, रंग, खडू, पीठ काही भरू नका. मापाची पट्टी ठेवा, उत्तर दिशेची खूण ठेवा. मग आकृतीभोवती फिरत साध्या मोबाइलने फोटो घ्या, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग आला पाहिजे. असे ऐंशी-शंभर फोटो असले की त्यातून संगणकावर शिल्पाचा त्रिमितीय नमुना तयार होतो. उद्या दुर्दैवाने काही झालं तरी मोजमाप हातात राहतं.

सोबत वहीत लिहा. शिल्प कोणी दाखवलं, जागेचं गावातलं नाव काय, गोष्ट कोणती सांगतात, आत्ता कुठे तडा आहे, कुठे घासलंय. ज्या गुराख्याने दाखवलं त्याचं नाव त्याला विचारून नोंदीत घाला. हे फार राहून जातं आणि मला त्याचं वाईट वाटतं. बातमी येते तेव्हा 'शोध' लावणाऱ्यांची नावं येतात, बोट दाखवणाऱ्याचं नाही.

आणि गडगा स्वतः उचकटू नका, कितीही उत्सुकता असली तरी. त्या गडग्यानेच शेपटीचं ऊन-पाऊस आणि गुरांच्या खुरांपासून रक्षण केलं असेल. तो काढायचा तर खात्याच्या माणसांसमोर, नोंद करत, एकेक दगड.

---

निवृत्तलेखणी

महसूल खात्यात नोकरी झाली, कोकणातच. त्यामुळे पहिल्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो.

चिरा हे गौण खनिज. त्याच्या उत्खननाला परवानगी लागते आणि ती महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियम, २०१३ खाली दिली जाते. अर्ज येतो, चौकशी होते, तलाठी आणि मंडळ अधिकारी जागेवर जाऊन अहवाल देतात. त्या अहवालात 'सदर जागेत कातळशिल्प आहे' हे एक वाक्य आलं तर पुढचा प्रत्येक अधिकारी सही करण्याआधी थांबतो. ते आलं नाही तर कागदावर ती जागा निव्वळ पोटखराबा असते. सड्यांचं खरं दुखणं हे आहे. सातबारावर सड्याला लागवड नाही, पीक नाही, म्हणून त्याची किंमत शून्य धरली जाते. तिथे फक्त कोकणातल्याच सड्यांवर उगवणारी दीपकाडी फुलते, पावसात पाणी मुरून खालच्या विहिरींना जातं, आणि हजारो वर्षांची चित्रं आहेत. यातल्या कशालाच सातबाऱ्यावर रकाना नाही.

म्हणून अर्ज दाखल होण्याची वाट पाहू नका. आत्ताच तहसीलदार, जिल्ह्याची खनिकर्म शाखा आणि राज्य पुरातत्त्व विभागाचं रत्नागिरी कार्यालय, तिघांना एकच पत्र द्या. सोबत फोटो, मोजमाप, गट नंबर, हद्दीचा कच्चा नकाशा. पोच घ्या. पोच नसलेलं पत्र हे पत्र नव्हे.

दुसरं, सहहिस्सेदार. तुम्ही म्हणता निम्मे मुंबईला आहेत. जमीन वाटप न झालेली सामाईक असेल तर सगळ्यांच्या संमतीचा प्रश्न येतो. बऱ्याचदा एकाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र होतं आणि बाकीच्यांना खाण सुरू झाल्यावर कळतं. त्या सगळ्यांशी बोला, वाद घालायला नव्हे, माहिती द्यायला. शिमग्याला पालखी घरोघर फिरते तेव्हा अख्खी भावकी गावात असते. त्या दिवसांत जे बोलणं होतं ते वर्षभर फोनवर होत नाही.

तिसरं, ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सभा होतातच. मे महिन्यात चाकरमानीही असतात. विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर आणा, आयत्या वेळच्या विषयात ढकलू नका.

---

चिरेवाला

मी उलट बाजूने बोलतो, राग मानू नये. माझा चिऱ्यांचा धंदा आहे, परवाना घेऊन, रॉयल्टी भरून. आज कोकणात घर बांधायचं तर चिरा लागतो, देवळाला लागतो, शाळेच्या कंपाउंडला लागतो. वीस-पंचवीस माणसं माझ्या खाणीवर जेवतात. शिल्प फोडावं असं मला मुळीच वाटत नाही. पण आमच्या भागात लोकांना भीती वाटते ती वेगळी. एकदा 'संरक्षित' म्हणून पाटी लागली की आजूबाजूला घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही, कलमं लावायची नाहीत. म्हणून शिल्प दिसलं तरी लोक सांगत नाहीत. काही जण गुपचूप माती टाकून कलमं लावतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शेतकऱ्याच्या जमिनीवर जगाचा वारसा निघाला तर त्याचा सगळा भार त्या शेतकऱ्याने का उचलायचा?

---

मधुरा_लांजा

चिरेवाले दादा, तुम्ही हे उघडपणे लिहिलंत म्हणून आभार. ही भीती बोलली जात नाही आणि मग रात्रीतून माती पडते. तुमचा शेवटचा प्रश्न रास्त आहे. जमीनमालकाला मोबदला किंवा निदान पर्यटनाच्या उत्पन्नात वाटा मिळालाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

निवृत्तलेखणी

चिरेवाले, एक गैरसमज दूर करतो, कारण तो सगळीकडे आहे. १०० मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, ही तरतूद केंद्र संरक्षित स्मारकांसाठी आहे, १९५८ च्या केंद्रीय कायद्यातली, २०१० मध्ये दुरुस्ती झालेली. राज्य संरक्षित स्मारकांना महाराष्ट्राचा १९६० चा कायदा लागतो. त्यात आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकती मागवल्या जातात, मग अंतिम अधिसूचना. कोणता गट, किती क्षेत्र, चतुःसीमा काय, हे त्यात लिहिलेलं असतं. हरकतीच्या मुदतीत शेतकऱ्याने जाऊन सांगायला हवं की शिल्पाचं क्षेत्र घ्या, पण माझी विहीर आणि पायवाट वगळा. लोक त्या मुदतीत घरी बसतात आणि नंतर बोलतात.

युनेस्कोची तात्पुरती यादी म्हणजे कायद्याचं संरक्षण नव्हे, हेही सगळ्यांनी ध्यानात घ्या. पुढे नामांकन पाठवायचं असेल तर आधी त्या यादीत नाव असावं लागतं, एवढाच तिचा अर्थ. यादीतल्या गावांनीही निर्धास्त राहू नये.

---

कुशावती

गोव्यातून लिहिते. सांगे तालुक्यात रिवणजवळ उसगाळीमळ, ज्याला फणसामळ किंवा पणसायमळही म्हणतात, तिथे कुशावती नदीच्या काठाला जांभ्यावर शंभराहून अधिक आकृत्या आहेत. बैल, हरणं, मोर, आणि एकात एक वर्तुळांचा तो प्रसिद्ध चक्रव्यूह. १९९३ मध्ये पुरातत्त्व खात्यापर्यंत ही माहिती पोचली ती स्थानिक लोकांमुळेच. तिथल्या लोकांचं म्हणणं असायचं की गुरं राखणाऱ्यांनी ती चित्रं काढली. विचार केला तर ते फार चुकीचं नसावं. कातळावर दिवसचे दिवस काढणारी माणसंच ती.

आमचा अनुभव सांगते. जागा संरक्षित झाली, पाटी लागली, वर्षानुवर्षं लोक येतात. पण नदीकाठ असल्याने पावसाळ्यात गाळ चढतो, आणि मोठ्या गटाने लोक आले की थेट आकृत्यांवरून चालतात, कारण कुठून चालायचं हे सांगायला प्रत्येक वेळी कोणी नसतं. नुसत्या पाटीने राखण होत नाही. गावातल्या दोन मुलांना रोजगार देऊन तिथे उभं केलं तर शंभर पाट्यांचं काम होतं. उक्षीचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिथे गावाने पुढाकार घेऊन हत्तीच्या शिल्पाभोवती जांभ्याची भिंत घातली, लोक बाहेरून पाहतात आणि शिल्पावर पाय पडत नाही.

---

एडिंबराची_माहेरवाशीण

मूळची राजापूरची, आता स्कॉटलंडमध्ये. इथे २०१७ ते २०२१ या काळात देशभरातली प्रागैतिहासिक खोदचित्रं नोंदवण्याचा मोठा प्रकल्प झाला, आणि त्याचं बरंचसं काम गावोगावच्या स्वयंसेवकांनी केलं. निवृत्त शिक्षक, मेंढपाळ, गृहिणी. त्यांना प्रशिक्षण दिलं, सगळ्यांना एकच छापील नमुना दिला आणि फोटोंवरून त्रिमितीय नमुने करायला शिकवलं. भूगोलबाई सांगतात तेच, म्हणून वाचून फार आनंद झाला. त्याआधी इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड आणि डरहम भागातही असंच काम झालं होतं.

यातलं मला सगळ्यात आवडलं ते असं की स्वयंसेवकाने नोंद केली म्हणजे काम संपलं नाही. तोच माणूस त्या दगडाकडे वरचेवर जातो, जुना फोटो हातात धरून बघतो की काही बदललं का. आपल्याकडे गुराखी हे रोज करतो, पगाराशिवाय. त्याच्या हातात फक्त एक फोन नंबर द्यायला हवा, काही वेगळं दिसलं तर कोणाला कळवायचं तो.

---

अणसुरे_वारा

बारसूचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस, असं शिल्प जगात इतकं दुर्मिळ की अभ्यासक त्याची तुलना सिंधू संस्कृतीतल्या मुद्रांवरच्या चित्राशी करतात. त्याच सड्यांवर २०२३ च्या एप्रिलमध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं आणि काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

---

भूगोलबाई

अणसुरे, प्रकल्प हवा की नको यावर इथे भांडण नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत. पण एक म्हणते. प्रकल्पाच्या बाजूचा असो की विरोधातला, शिल्पाची नोंद आणि हद्द आधी ठरलेली असेल तर दोघांनाही तीच धरून बोलावं लागतं. नोंद नसेल तर शिल्प म्हणजे एका बाजूचं हत्यार होतं आणि दुसऱ्या बाजूला ते खोटं वाटायला लागतं.

पोर्तुगालमधल्या कोआ नदीच्या खोऱ्याची गोष्ट मी मुलांना सांगते. धरणाचं काम सुरू असताना १९९० च्या दशकात तिथे पुराश्मयुगातली खोदचित्रं उजेडात आली. शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली, 'चित्रांना पोहता येत नाही' अशी त्यांची घोषणा होती. १९९५ च्या निवडणुकीनंतर आलेल्या सरकारने धरण थांबवलं. त्या सरकारचे पंतप्रधान होते आंतोनियो गुतेरेस, जे पुढे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झाले. १९९८ मध्ये ते खोरं जागतिक वारसा झालं. मोठ्या प्रकल्पावर खूप खर्च झाल्यावरसुद्धा माणसं थांबू शकतात, एवढं त्यातून घ्यावं.

---

सडेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात जे झालं ते सांगतो.

नोंद झाली. हायस्कूलची मुलं, दोन शिक्षक आणि आमच्या वाडीतला गुराखी बाबू (त्याला विचारूनच नाव लिहितोय) असे गेलो. फोटो काढताना बाबूने गडग्याच्या पलीकडे अजून दोन खोदलेल्या आकृत्या दाखवल्या. आमच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. तिन्ही ठिकाणी पत्रं दिली, पोच घेतली.

शेजारच्या गटाच्या खातेदारांपैकी मुंबईच्या काकींशी बोललो. त्यांना कुलमुखत्यारपत्राबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "जमीन विकायची नाय असा मी म्हणत नाय, पण पांडवांची चित्रां फोडून पैसे नकोत." बाकीच्या तिघांचं म्हणणं वेगळं आहे, त्यांना पैशाची गरज आहे आणि ती खरी आहे. चिरेवाले, तुमचा मुद्दा मी त्यांच्यासमोर तसाच मांडला. तोडगा असा निघतोय की शिल्पं वरच्या कोपऱ्यात आहेत, तो कोपरा आणि त्याभोवतीची मोकळी पट्टी सोडून खालच्या अंगाला, गावाच्या पायवाटेच्या पलीकडे, खाणीचा विचार व्हावा. मला ते पूर्ण समाधानाचं वाटत नाही, पण खातेदारांना तोंडघशी पाडून शिल्प वाचणार नाही हेही दिसतंय.

१ मेच्या ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा केला आहे. वाचून सुधारा:

"मौजे ... येथील गट क्र. ... व ... मधील कातळशिल्पे हा गावाचा ठेवा असून, त्यांच्या क्षेत्रात उत्खनन, भराव, वाहन नेणे, वणवा लावणे व शिल्पांवर रंग वा खडू लावणे यास ही ग्रामसभा मनाई करते. शिल्पांची देखरेख करण्यासाठी खातेदार, गुराखी, शाळा व महिला बचत गट यांची समिती नेमण्यात येत आहे. सदर क्षेत्र राज्य संरक्षित करण्याची प्रक्रिया सुरू करावी व खातेदारांच्या हिताचा विचार करूनच हद्द निश्चित करावी, अशी विनंती पुरातत्त्व विभागास करण्यात येत आहे."

---

चिरेवाला

पट्टी किती मीटरची? चिरा काढायचं यंत्र चाललं की हादरा बसतोच. आणि चिरा कडक कवचाखालच्या मऊ थरातून निघतो, म्हणजे खाण सुरू होताना आधी वरचं कवचच उचलतात. ते एकदा फुटलं की तडा कुठवर जाईल ते मीही सांगू शकत नाही. माझं ऐकाल तर पायवाट ही हद्द धरा आणि पायवाटेच्या वर एकही यंत्र नको, असं स्पष्ट लिहा.

---

निवृत्तलेखणी

चिरेवाल्यांशी सहमत, आणि ही सूचना त्या धंद्यातल्या माणसाकडून आली याचा आनंद आहे. मसुद्यात दोन बदल करा. "मनाई करते" याऐवजी "विरोध करते व परवानगी न देण्याची शिफारस करते" असं लिहा, नाहीतर अधिकाराबाहेरचा ठराव म्हणून बाजूला ठेवतील. आणि मोजणी झाल्याशिवाय पायवाट कागदावर धरली जाणार नाही, तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज या आठवड्यातच द्या. काकींची लेखी संमती आत्ताच घेऊन ठेवा.

---

सडेकर

दोन्ही बदल केले. मोजणीचा अर्ज सोमवारी देतो. समितीत बाबूचं नाव पहिलं घातलं आहे.